फिरणं वाढवायचं की वाटी कमी करायची?

विचारलेलं थोडक्यात असं: पुण्यात फ्लॅटमध्ये राहणारा पाच वर्षांचा लॅब्राडॉर, नर, दोन वर्षांपूर्वी नसबंदी झालेली, वजन ३८ किलो. पिशवीवरच्या तक्त्याप्रमाणे रोज ४०० ग्रॅम ड्राय फूड, शिवाय ‘थोडंसं घरचं’. सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास फिरणं. तरी वजन चढतंच आहे आणि डॉक्टरांनी सात किलो उतरवायला सांगितलंय. बाबांचं म्हणणं फिरवणं वाढवू, मुक्या जिवाला उपाशी मारायचं नाही. मुलीचं म्हणणं खाणं कमी करू. मैत्रिणीचा कारवानी जातीचा कुत्रा तेवढंच खाऊन बरगड्या दाखवत फिरतो, ते कसं? आणि रविवारी सिंहगडावर नेलं तर त्या दिवशी जास्त घालावं का?

वजनापुरतं बोलायचं तर मुलीचं बरोबर आहे. बाबांचं फिरवणं मला हवंच आहे, पण वेगळ्या कारणासाठी. त्याकडे नंतर येतो.

आधी आकडे बघू. पुढे जिथे कॅलरी म्हणतो तिथे किलोकॅलरी समजा, पिशवीवर केकॅल छापलेलं असतं तेच. ढोबळ हिशेबाने कुत्र्याला एक किलोमीटर चालायला त्याच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण एक कॅलरी लागते. म्हणजे तुमच्या ३८ किलोच्या गड्याला किलोमीटरला ३८. सोसायटीतलं अर्ध्या तासाचं फिरणं म्हणजे प्रत्येक खांब हुंगणं, वॉचमनकाकांना भेटणं, गाडीच्या चाकाशी दोन मिनिटं थांबणं. त्यात दीड किलोमीटर झाला तरी खूप, पावणेदोन धरू. बाबा रोज आणखी अर्धा तास फिरले तर कुत्र्याचे जास्तीचे जेमतेम ६०-७० कॅलरी जळतील. एका पार्ले-जीमध्ये वीस-बावीस असतात. म्हणजे तीन बिस्किटं, आणि ती तर लिफ्टची वाट बघतानाच संपतात.

आता सात किलो चरबी. एक किलो चरबीत ७,७०० च्या आसपास कॅलरी साठलेल्या असतात, सात किलोत चोपन्न हजार. रोज ७० च्या दराने त्या जाळायला दोन वर्षांहून जास्त लागतील, आणि तेही या काळात कोणी एक घास जास्त घातला नाही तर. याउलट तूप लावलेल्या दोन पोळ्या बंद केल्या तर एका दिवसात २८०-२९० वाचतात. बाबांच्या तशा चार जादा फेऱ्यांचं काम झालं.

हा हिशेब सांगितला की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: ‘पण डॉक्टर, तो खातच नाही फार.’ मग मी एकेक विचारत जातो आणि यादी बाहेर पडते. सकाळी आजोबांच्या चहाबरोबर चार-पाच बिस्किटं. पोळ्या लाटताना पहिली पोळी त्याची, ती गाईच्या घासासारखी बाजूला काढलेलीच असते. रात्रीच्या ताटातला शेवटचा तुकडा, वर तूप. दात स्वच्छ राहावेत म्हणून एक डेंटल कांडी. मोठ्या कुत्र्यांसाठीच्या कांडीत ७०-८० कॅलरी सहज असतात. ड्राय फूडच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० धरल्या तर ४०० ग्रॅमचे १,४००. त्यावर बिस्किटांचे शंभरेक, दोन पोळ्यांचे तुपासकट २९०, कांडीचे ७५. बेरीज १,८५० च्या पुढे जाते. तुमच्या घरची यादी जरा वेगळी असेल, बेरीज फारशी नसेल. तीन दिवस फ्रिजवर कागद लावा आणि कुत्र्याच्या तोंडात जे जे जातं ते ज्याने घातलं त्याने लिहा. आजोबांनीसुद्धा. कोणालाही बोल न लावता.

दुसरी गोष्ट मापाची. ४०० ग्रॅम मोजता की ‘कपाने’ घालता? बहुतेक घरांत पिशवीबरोबर मिळालेला प्लास्टिकचा कप किंवा जुनी स्टीलची वाटी असते. एक गंमत करून बघा. घरातल्या तिघांना वेगवेगळं बोलावून ‘याचं नेहमीचं जेवण काढ’ म्हणा आणि तिन्ही भांडी स्वयंपाकाच्या डिजिटल काट्यावर ठेवा. शिगोशीग भरणारा आणि काठाखाली थांबणारा यांच्यात जो फरक निघतो, तो महिनाभर साठला की कुत्र्याच्या कमरेवर दिसतो. काटा पाचशे-सहाशे रुपयांत मिळतो, आणि एवढ्या पैशात वजन आटोक्यात ठेवणारं दुसरं काही मला ठाऊक नाही. सकाळी एकदाच दिवसभराचं मोजून डब्यात काढा. दिवसात जो काही लाड करायचा तो त्या डब्यातून. डबा रिकामा झाला की दुकान बंद.

आता तो पिशवीवरचा तक्ता. तो खोटा नसतो, पण तुम्ही तो ३८ किलोच्या रांगेत वाचलात. ३८ च्या रांगेतलं खाणं घातलं की ३८ किलोचाच कुत्रा राखला जातो. तक्ता व्हायला हव्या त्या वजनाच्या रांगेत वाचायचा. शिवाय तो सर्वसाधारण, बऱ्यापैकी हिंडत्या-फिरत्या कुत्र्याचा अंदाज असतो. तुमच्याकडे दोन वर्षांपूर्वी नसबंदी झाली, आणि वजन चढायला लागलं तेही त्यानंतरच, असं मला वाटतं. नसबंदीनंतर शरीराची ऊर्जेची गरज साधारण पाव हिश्श्याने, कधी त्याहूनही जास्त उतरते, आणि भूक मात्र वाढते. शस्त्रक्रियेच्या दिवशीच ‘आता माप कमी करा’ हे सांगायला हवं. बऱ्याच ठिकाणी टाक्यांची काळजी सांगतात आणि हे राहून जातं.

आम्ही गरज कशी काढतो ते सांगतो, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर जमेल. योग्य वजन तीनदा एकमेकांशी गुणा, येईल त्याचं दोनदा वर्गमूळ काढा, मग ७० ने गुणा. तुमच्या कुत्र्याचं योग्य वजन ३१ धरू. ३१ गुणिले ३१ गुणिले ३१ म्हणजे २९,७९१. वर्गमूळ १७२.६, त्याचं पुन्हा वर्गमूळ १३.१४, गुणिले ७० म्हणजे सुमारे ९२०. नुसतं पडून राहण्यासाठी शरीराला दिवसाला एवढं लागतं. नसबंदी झालेल्या, घरात राहणाऱ्या प्रौढ कुत्र्यासाठी याला १.६ ने गुणतात, न झालेल्यासाठी १.८ ने. अंगाला लवकर लागतं अशांना १.२ ते १.४, आणि वजन उतरवायचं असेल तर १.

पण हे गुणक म्हणजे सुरुवात करायची जागा. एकाच वजनाच्या दोन कुत्र्यांत गरजेचा दीडपट फरक असू शकतो. म्हणून आकडा कागदावर काढायचा आणि बरोबर आहे की नाही हे कुत्र्याच्या अंगावर हात ठेवून तपासायचं.

हात कसा ठेवायचा ते नीट सांगतो, कारण लॅब्राडॉरचा केसाळ कोट डोळ्यांना फसवतो. कुत्रा उभा असू दे. त्याच्या मागे उभे राहा, दोन्ही अंगठे पाठीच्या कण्यावर टेकवा आणि बोटं बरगड्यांवर पसरा. दाबायचं नाही, नुसतं पुढे-मागे फिरवायचं. आता तुलनेसाठी स्वतःचा हात घ्या. मूठ वळून तिच्या उंचवट्यांवरून बोट फिरवा: बरगड्या अशा लागल्या तर कुत्रा बारीक आहे. हात सरळ करून त्याच्या पाठीवरून, बोटांच्या मुळापाशी फिरवा: हाडं कळतात पण वर पातळसं आवरण आहे, हे योग्य. हात उलटा करून तळव्याकडच्या मांसल भागावर दाबा: असं लागत असेल, बरगडी शोधावी लागत असेल, तर चरबी जास्त. मग वरून बघा, बरगड्या संपल्यावर कंबर आत गेलेली दिसायला हवी. बाजूने बघितलं तर पोटाची रेषा मागे जाताना वर चढायला हवी. आम्ही नऊ अंकांची मोजपट्टी वापरतो, ४-५ उत्तम, पाचच्या वरचा प्रत्येक अंक म्हणजे ढोबळमानाने दहा टक्के जास्तीचं वजन. तुमचा सातवर असणार. दर पंधरा दिवसांनी, एकाच माणसाने हात फिरवायचा. रोज बघणाऱ्याला बदल कळत नाही.

मैत्रिणीचा कारवानी इथेच येतो. कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळ गावाच्या नावाने ओळखला जाणारा तोच कुत्रा आपल्याकडे कारवानी. नजरेने सावज हेरून वाऱ्यासारखा धावणारा. या जातीत शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेच्या हाडांची टोकं दिसणं हेच योग्य. शहरातले लोक येता-जाता ‘खायला घालत नाही का हो?’ विचारतात आणि मालक लाजेकाजेस्तव त्याला लॅब्राडॉरसारखा करून टाकतात. त्याच्या अंगावर चरबी कमी आणि स्नायू जास्त, आणि नुसतं बसल्या बसल्याही स्नायूला चरबीपेक्षा जास्त इंधन लागतं. नसबंदी झाली नसेल तर आणखी फरक. दिवसभर पळत असतो म्हणून तो बारीक राहतो असं समजू नका. हे कुत्रे दोन मिनिटं सुसाट सुटतात आणि मग सोफा अडवून दिवसभर झोपतात. मात्र पाठीच्या कण्याचे मणके मोजता येत असतील, केस निस्तेज असतील, शी पातळ असेल, तर ते जातीचं लक्षण नव्हे. शी तपासून जंत बघा.

लॅब्राडॉरच्या भुकेबद्दल दोन शब्द, कारण घरात यावरून कुत्र्याला ‘अधाशी’ आणि माणसांना ‘निष्ठुर’ ठरवलं जातं. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं की जवळपास एक चतुर्थांश लॅब्राडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा छोटा तुकडा गायब असतो. पोट भरल्याचा संदेश मेंदूत नीट पोचत नाही. २०२४ मध्ये त्याच गटाने पुढचं सांगितलं: असे कुत्रे दोन जेवणांच्या मधल्या वेळात जास्त भुकेले राहतात आणि आरामात असताना सुमारे पाव हिश्श्याने कमी ऊर्जा खर्च करतात. भूक जास्त, खर्च कमी. ताटापाशी बसून तो जे डोळे लावतो त्यात नाटक नसेलही. पण ते डोळे बघून घास टाकला तर ते बंद होत नाहीत, हे तुम्ही पाच वर्षं बघताच आहात.

आणि उपाशी मारण्याचं पाप लागेल म्हणणाऱ्या बाबांसाठी. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉरवर पिल्लूपणापासून मरेपर्यंत चाललेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच वेताच्या भावंडांच्या जोड्या लावल्या, आणि एकाला जेवढं घातलं त्याच्या पाऊणपट दुसऱ्याला. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य १३ वर्षं निघालं, दुसऱ्या गटाचं ११.२. सांधेदुखीचे उपचारही त्यांना उशिरा सुरू करावे लागले. पावणेदोन वर्षं. कुत्र्याच्या आयुष्यात हा केवढा काळ आहे ते बाबांना वेगळं सांगायला नको.

आता फिरणं. ते वाढवायचं, कारण खाणं कमी केल्यावर शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडायला बघतं, आणि रोज काम मिळणारा स्नायू टिकतो. गुडघे आणि खुबे धरणारा तोच. पोट साफ राहतं, आणि घरात दिवसभर खाण्यावर टपून बसलेलं डोकं दुसऱ्या कशात तरी गुंततं. पण सात किलो जादा वजन घेऊन चालणाऱ्याला एकदम तासभर पळवू नका. आहे त्या अर्ध्या तासातली वीस मिनिटं सलग, पट्टा थोडा आखूड धरून, तुम्हाला बोलताना किंचित धाप लागेल अशा चालीने. उरलेली दहा मिनिटं पट्टा सैल, हुंगू दे हवं तेवढं. हुंगण्याने कॅलरी जळत नाहीत, कुत्रा मात्र शांत होतो, आणि तेही कमी नाही. मग आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. पार्किंगच्या गुळगुळीत फरशीवर चेंडू फेकून गर्रकन वळायला लावणं पूर्ण बंद. जाड लॅब्राडॉरच्या गुडघ्याचा लिगामेंट तिथेच तुटतो, आणि मग शस्त्रक्रिया, मग दोन-तीन महिने बांधून ठेवणं, मग आणखी वजन. जिने टाळा, लिफ्ट वापरा. पोहायची सोय असेल तर फार छान, सांध्यांवर भार येत नाही.

मार्च ते जूनमध्ये सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी डांबर निवल्यावरच बाहेर. रस्त्यावर हाताची पाठ टेकवून पाच सेकंद धरवत नसेल तर त्याचे तळवेही भाजतात. चरबीचा थर उष्णता आत कोंडतो आणि कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, नुसतं धापून भागवायचं असतं. वजन उतरवायच्या उत्साहात उन्हात पळवलेला कुत्रा बेशुद्ध होऊन आणलेला मी पाहिलेला आहे.

मग जास्त हालचाल झाली म्हणून खाणं वाढवायचंच नाही का? वाढवायचं, पण ती हालचाल खरोखर जास्त असली पाहिजे. दिवाळीनंतर देशावरून कोकणात मेंढरं घेऊन उतरणाऱ्या धनगरांच्या वाड्याबरोबरचा कुत्रा बघा. बावीस किलोचा, दिवसाला पंधरा-अठरा किलोमीटर चालणारा, वर रात्रीची राखण. त्याचा पडून राहण्याचा खर्चच सातशेच्या आसपास, आणि नुसत्या चालण्याचे त्यावर चारशे. त्याला खाणं खरंच दीडपट लागतं. बर्फावर गाडी ओढणारे अलास्कातले कुत्रे सोळाशे किलोमीटरच्या शर्यतीत दिवसाला दहा हजार कॅलरींपर्यंत खातात, तेही बरंचसं चरबीच्या रूपात. शेतावर मोकळा राहून दिवसभर माकडं हाकलणारा कुत्रा या दोघांच्या बराच अलीकडे, पण तुमच्या फ्लॅटवाल्याच्या बराच पलीकडे आहे. आमच्याकडे येणारे शहरातले ‘खूप ॲक्टिव्ह’ कुत्रे बहुतेक वेळा घरात दंगा करणारे असतात, आणि दंगा हे अंतर नव्हे.

माझा नियम साधा आहे. हालचालीतला बदल दोन आठवडे टिकला तरच माप बदला, आणि एका वेळी दहा टक्क्यांनी. एका दिवसाच्या थोड्याफार कमी-जास्त फिरण्याला शरीर स्वतः सांभाळून घेतं, वाटी हलवायची गरज नाही.

ऋतूचा बदल मात्र मोजावा, आणि तो कोणीच मोजत नाही. जून ते सप्टेंबर. पावसामुळे दोन फेऱ्यांची एक होते आणि तीही बिल्डिंगच्या छपराखाली. रोजचे साठ कॅलरी कमी जळले तर त्या दिवशी काहीच कळत नाही. चार महिन्यांत ते सात हजारांवर जातात, म्हणजे जवळजवळ एक किलो चरबी. गणपतीचे मोदक आणि नवरात्रातली साबुदाण्याची खिचडी यात धरलेली नाही. दसऱ्याला वजन केलं की ‘पावसाळ्यात केस वाढलेत ना, म्हणून जाड दिसतो’ असं उत्तर मिळतं. पहिला मोठा पाऊस पडला की रोजच्या मापातून १५-२० ग्रॅम ड्राय फूड काढायचं, फिरणं पूर्ववत झालं की परत घालायचं, इतकंच. दिवाळीत फटाक्यांना घाबरून आठवडाभर घराबाहेर न पडणाऱ्यांसाठी एवढंही करायला नको, फराळ फक्त त्याच्या तोंडापासून लांब ठेवा.

सिंहगडाबद्दल सरळ सांगतो: तुमच्या कुत्र्याला सध्या नेऊ नका. आतकरवाडीकडून सुमारे सहाशे मीटरचा चढ आहे, उतरताना सगळा भार पुढच्या पायांवर येतो. आठवडाभर सोफ्यावर आणि रविवारी गडावर, हे धडधाकट कुत्र्यालाही मानवत नाही. वजन ३३ च्या खाली आलं, रोजचं चालणं तासाच्या वर गेलं की थंडीत, पहाटे जा. तेव्हासुद्धा सगळा मिळून जास्तीचा खर्च ढोबळमानाने तीन-चारशे कॅलरींचा. शंभरेक ग्रॅम ड्राय फूड, तेही घरी आल्यावर, धाप पूर्ण शमल्यावर. वर पोचल्यावर पिठलं-भाकरीतली भाकरी आणि कांदाभजी त्याला घालायची नाहीत. कांदा कच्चा असो, तळलेला असो, कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. मनुके आणि द्राक्षंही चालत नाहीत, मूत्रपिंडं बंद पडू शकतात. ट्रेकच्या पिशवीत सुका मेवा असतोच म्हणून मुद्दाम सांगितलं.

भरल्या पोटी पळवू नये हे जुनं सांगणं आहे आणि मी ते पाळायला लावतो. जेवण फिरून आल्यावर, अर्धा-पाऊण तास विसावल्यावर. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, डॉबरमन अशा खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पिळा पडण्याचा धोका जास्त. दिवसाचं सगळं खाणं एकाच वेळी आणि भराभर गिळणं हे तिथे घातक ठरतं, म्हणून दोन वेळा वाटून द्या. पोट टम्म, ओकारीचे उमाळे पण बाहेर काही पडत नाही, अस्वस्थ येरझाऱ्या, असं दिसलं तर घरगुती उपाय न करता तडक दवाखाना. तिथे तासाला किंमत आहे.

हे वाचणाऱ्यांत पिल्लूवाले असतील. वर सांगितलेलं कमी करण्याचं गणित पिल्लांना लावू नका. चार महिन्यांपर्यंत गरज पडून राहण्याच्या खर्चाच्या तिप्पट, नंतर दुप्पट असते. पण मोठ्या जातीच्या पिल्लाला गुबगुबीत करणंही चूक. झपाट्याने वाढलेलं वजन कोवळ्या हाडांवर बसतं. आणि त्या कॅल्शियमच्या बाटल्या! तयार पपी फूड चालू असताना वरून कॅल्शियम सिरप घालायचं काहीच कारण नाही. लहान पिल्लाचं आतडं जादा कॅल्शियम अडवू शकत नाही, आणि त्याने हाडं मजबूत होण्याऐवजी वाकडी होतात. म्हाताऱ्या कुत्र्यांचं उलट. वजन तेवढंच दिसतं, पण मांड्या आणि डोक्याचा माथा खोलगट होत जातो, स्नायू जातो आणि चरबी राहते. त्यांना कॅलरी जपून, पण प्रथिनं भरपूर द्यायची. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टर सांगतील तसं.

दूध-पोळीवर वाढलेल्या कुत्र्यांचाही प्रश्न असाच आहे. पोट सुटलेलं, पाय काड्या. कॅलरी पुरतात, प्रथिनं पुरत नाहीत. शाकाहारी घरात मांस येत नाही हे मी समजू शकतो, मग निदान अंडी किंवा पनीर तरी. नुसती पोळी कमी केली तर आधीच तोकडी प्रथिनं आणखी तोकडी होतात, हे लक्षात ठेवा.

तुमच्यासाठी आता असं करा. सुरू करण्याआधी एकदा रक्त तपासून घ्या, विशेषतः तो सुस्त असेल, शेपटीचे किंवा दोन्ही बाजूंचे केस विरळ झाले असतील तर. थायरॉइड कमी पडल्यानेही वजन चढतं. मात्र रक्तात नुसता टी-४, म्हणजे थायरॉइडचं संप्रेरक, कमी आला म्हणून गोळी सुरू करून घेऊ नका. दुसऱ्या कुठल्याही आजारात तो खाली येतो, टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, त्याच्यासोबतच त्याचा अर्थ लागतो.

दिवसाच्या एकूण कॅलरी ९२०. आत्ताचंच ड्राय फूड अर्ध्यावर आणलं तर कॅलरी कमी होतील, पण जीवनसत्त्वं, खनिजं आणि प्रथिनंही अर्धी होतील. म्हणून वजन उतरवण्यासाठी बनवलेलं खाणं घ्या. त्यात चोथा आणि प्रथिनं जास्त, कॅलरी कमी असतात. त्याच्या १०० ग्रॅममध्ये ३०० कॅलरी असतील तर दिवसाला २७५ ग्रॅम, दोन वेळा. आकडा पिशवीवर बघून हिशेब करा, प्रत्येकाचा वेगळा असतो. उरलेल्या नव्वदेक कॅलरी लाडाच्या. काकडी, गाजर, उकडलेली फरसबी, दुधी, मीठ-तेल-फोडणीशिवाय. आजोबांचा चहाचा सोबती तुटू देऊ नका, बिस्किटांऐवजी त्याच डब्यातले दहा दाणे त्यांच्या हातात द्या. कुत्र्याला आजोबांच्या हातून काहीतरी हवं असतं, मैदा हवा असतो असं नाही. जुन्यातून नव्या खाण्यावर आठवडाभरात हळूहळू या, नाहीतर पोट बिघडेल. वाटीऐवजी खाणं चटईच्या घड्यांत किंवा छिद्रं असलेल्या चेंडूत घातलं तर तीन मिनिटांचं जेवण वीस मिनिटं पुरतं.

दर पंधरा दिवसांनी, एकाच काट्यावर, सकाळी खाण्याआधी वजन. दवाखान्यातला मोठा काटा वापरायला बहुतेक ठिकाणी कोणी नाही म्हणत नाही. आठवड्याला एक ते दोन टक्के, म्हणजे चारशे ते साडेसातशे ग्रॅम उतरायला हवं. त्याहून झपाट्याने उतरलं तर माप दहा टक्क्यांनी वाढवा. तीन आठवड्यांत काटा हललाच नाही तर आधी फ्रिजवरचा कागद परत लावा, त्यात काही सापडलं नाही तरच दहा टक्के कमी करा आणि डॉक्टरांना कळवा. सात किलोला पाच-सहा महिने लागतात. मध्ये दोन-तीन आठवडे वजन अडतं, त्याला घाबरू नका.

३१ वर आल्यावर पुन्हा ४०० ग्रॅमवर उडी मारू नका. आठवड्याला २० ग्रॅम या दराने वाढवत जा. माझा अंदाज, तुमचा कुत्रा १,२०० ते १,३०० कॅलरींच्या दरम्यान कुठेतरी स्थिरावेल, पिशवीवरच्या तक्त्यापेक्षा बराच खाली. वजन जिथे महिनाभर हलत नाही तो त्याचा आकडा. तो डब्याच्या झाकणावर मार्करने लिहून ठेवा, म्हणजे तुम्ही गावाला गेलात आणि कुत्रा मैत्रिणीकडे राहिला तर ती कारवानीच्या मापाने घालणार नाही.